शिंपल्याच्या डिंकाची नक्कल

३ फेब्रुवारी, सोमवार

नोकरी लागली. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी हे लिहिताना हसू येतंय, पण सात महिने पंख्याकडे बघत काढल्यावर हसूही चालेल. विद्यार्थी मिळेनात म्हणून कॉलेजनं जीवशास्त्र विभाग बंद केला, तेव्हापासून बायको दिवसातून चारदा सांगायची, "अहो, जरा बाहेर चक्कर मारून या." आज मी खरोखर बाहेर होतो, तर दोनदा फोन करून विचारलं, "जेवलात का?"

प्रयोगशाळा छोटी आहे. एक लांब खोली, तिच्यात चार टेबलं, मागे काचसामान धुण्याची खोली. प्रमुख बाई माझी जुनी विद्यार्थिनी. वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची आणि खिडकीबाहेर बघायची. आज मी तिला सवयीनं "तू" म्हणालो, मग जीभ चावली आणि "मॅडम" म्हणालो. ती म्हणाली, "सर, काहीही म्हणा, पण पिपेटला हात लावायच्या आधी हातमोजे घाला."

काम असं. समुद्रातले शिंपले ज्या डिंकानं खडकाला चिकटून बसतात, तो पाण्यातही सुटत नाही. टाक्यांऐवजी जखमेवर तसला डिंक लावता येईल का, हे मॅडमना बघायचंय. पण एका शिंपल्यातून तो मिळतो टाचणीच्या टोकाएवढा. म्हणून डिंकाचा जीन, म्हणजे डिंक करायची पेशीतली कृती, जिवाणूत घालायचा आणि जिवाणूंकडून डिंक करून घ्यायचा. जीन जिवाणूत बसवण्याचं काम माझं. पंधरा मेला समिती बघायला येणार. तोवर काही दाखवता आलं नाही तर प्रकल्प बंद, आणि त्याच्याबरोबर माझी जागाही.

एक गोष्ट फक्त इथे लिहितो. चोवीस वर्षं मी हे फळ्यावर शिकवलं. कापा, जोडा, जिवाणूत घाला, वाढवा. चार बाण, दहा मार्क. स्वतःच्या हातानं एकदाही केलेलं नाही, कारण कॉलेजात तशी सोयच नव्हती. मॅडमना हे माहीत नाही. मी सांगितलं नाही आणि सांगणारही नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज सगळं पुन्हा समजावून घेतलं. घेताना "हो हो, तेच ते" असा चेहरा ठेवला. इथे सावकाश लिहितो.

जिवाणूच्या पोटात बांगडीसारखी एक छोटी गोल साखळी असते, प्लास्मिड. इथे सगळे तिला नुसतं कडं म्हणतात. ते कडं एका ठरावीक कात्रीनं कापायचं, जीनची टोकंही त्याच कात्रीनं कापायची, म्हणजे टोकाला टोक बसतं. मग जोडणारं द्रव्य घालून दोन्ही सांधायचे. कात्री म्हणजेही एक प्रथिनच, आणि तेही जिवाणूंकडूनच आणलेलं. बाहेरचा विषाणू आत घुसला की त्याचे तुकडे करायला जिवाणू ती बाळगून असतात. थोडक्यात, त्यांचंच हत्यार आणि त्यांच्याच घरात आपली घुसखोरी.

जोडलेलं कडं जिवाणू सुखासुखी आत घेत नाही. त्याआधी त्याला बर्फावर ठेवून कॅल्शियमच्या खारट पाण्यात मुरवायचं. मग कडं घालायचं, पंचेचाळीस सेकंद गरम पाण्यात चटका द्यायचा, पुन्हा बर्फावर. चटक्यात काही जिवाणू कडं आत ओढतात. शेवटी सगळ्यांना जिवाणूमारक औषध घातलेल्या प्लेटवर पसरायचं. कड्यात औषधाला दाद न देणारा गुण असतो, म्हणून कडं घेतलेले जगतात, बाकीचे मरतात. दुसऱ्या दिवशी प्लेटवर पांढरे ठिपके दिसतात आणि एकेका ठिपक्यात लाखो जिवाणू, प्रत्येकाच्या पोटात आपल्या कड्याची नक्कल. मुलांना मी हे असं सांगितलं असतं तर विभाग कदाचित चालला असता.

मागच्या खोलीत मावशी काचसामान धुतात. एकोणीस वर्षं इथे आहेत, साठीच्या असतील. बाकीचे लोक वापरलेले फ्लास्क दारातल्या टबात टाकून निघून जातात. मला ते बरं वाटलं नाही. मी माझे फ्लास्क विसळून त्यांच्या हातात दिले आणि म्हणालो, "मावशी, माझं सगळं काम तुमच्या हातावर आहे हां." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही मास्तर ना?" म्हणाल्या. "मग काळजी सोडा." आपलं सहज बोलून गेलो, पण दिवस चांगला गेला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पहिली प्लेट. कोरी.

हा गुन्हा माझाच. जोडणाऱ्या द्रव्याची नळी बर्फावरून काढून टेबलावर ठेवली आणि चष्मा शोधत बसलो. चष्मा डोळ्यांवर होता. तोवर ते द्रव्य उबेनं निकामी झालं. शेजारच्या टेबलावरची तरुण संशोधक हे सगळं बघत होती. तिचं टेबल इतकं नीटनेटकं असतं की मी मनात तिचं नाव टिपटॉप ठेवलंय.

मावशींना प्लेट दाखवली. "ठिपके यायला हवे होते, आले नाहीत," म्हटलं. त्यांनी "अरेरे" केलं. असं मनापासून हळहळणारं माणूस या इमारतीत एकच आहे.

५ मार्च, बुधवार

या वेळी सगळं काटेकोर केलं. बर्फ, चष्मा, घड्याळ, सगळं जागच्या जागी. जिवाणू वाढवायला फ्लास्क हलवत राहणाऱ्या यंत्राच्या पाळण्यावर ठेवले तर माझ्या फ्लास्कमध्ये वर छान फेस आला होता. टिपटॉपच्या फ्लास्कमध्ये कुठे, नुसते चार बुडबुडे. माझे जिवाणू तिच्यापेक्षा खुशीत आहेत हे बघून बरं वाटलं. मी ते तिला दाखवलंसुद्धा. ती "हं" म्हणाली.

मावशींनी माझ्या फ्लास्कांना आणि बाटल्यांना लाल पट्ट्या लावून त्या वेगळ्या फळीवर ठेवल्यात. "तुमच्या मी सगळ्यांत शेवटी घेते, मास्तर. घाई नको म्हणून." काचा लखलखतात अगदी. एवढी आपुलकी या वयात नशिबानंच मिळते.

६ मार्च, गुरुवार

कोरी.

१४ मार्च, शुक्रवार

पुन्हा कोरी. चौथ्यांदा. आता हात टेकले.

कॅल्शियमचं पाणी बाटलीत ओतल्यावर मला किंचित दुधाळ वाटलं. बर्फावर ठेवल्यानं काचेवर दव धरत असेल. पुसून पाहिलं नाही, वेळ नव्हता.

दुपारी टिपटॉप जवळ आली. "सर, राग मानू नका. पण तुम्ही कंट्रोल लावला होता का? तयार, अखंड कडं घालून बघितलंत?"

रागानं कानशिलं तापली. कंट्रोल! म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा प्रयोग शेजारी लावायचा, म्हणजे चूक कुठे आहे ते कळतं. हे वाक्य मी चोवीस वर्षांत किती वेळा उच्चारलं असेल. पहिल्या वर्षाच्या मुलांचे यासाठी मार्क कापलेत मी. आणि ही पोर मला विचारते. "गरज नाही," म्हटलं.

"मग माझे तयार जिवाणू घेऊन बघा ना. भरपूर आहेत."

"माझे मला पुरेत."

ती गेली. कात्री आणि जोडणारं द्रव्य ठेवायची पेटी मात्र तीही वापरते. फ्रीजचं दार तिच्याकडून उघडं राहत असेल काय? मी उद्यापासून लक्ष ठेवणार आहे.

कंट्रोल मी लावलेला नाही हे खरं आहे. लावला आणि तोही फसला तर सगळ्यांना कळेल की दोष कात्रीत नाही, मास्तरात आहे.

२७ मार्च, गुरुवार

समितीतले एक गृहस्थ अचानक येऊन गेले. "जोडणीचं काम कोण करतंय? अडलंय असं ऐकलं." मी तीन हात अंतरावर उभा होतो. मॅडम म्हणाल्या, "काम माझं आहे. उशीर झाला असेल तर तो माझा." माझं नावही घेतलं नाही. नाव घ्यायचीसुद्धा लाज वाटावी अशी वेळ आली तर. ते गेल्यावर माझ्यासमोर चहा ठेवून म्हणाल्या, "सर, बिस्कीट घ्या." मी घेतलं नाही.

मावशींनी विचारलं, "अजून नाही का आले ठिपके?" नाही म्हटलं. त्या खूप वेळ माझ्या बाटल्यांकडे बघत राहिल्या. "बघते मी," म्हणाल्या. त्या काय बघणार बिचाऱ्या.

८ एप्रिल, मंगळवार

सातवी प्लेट. कोरी. फेस मात्र पूर्वीपेक्षा जास्त.

टिपटॉपवर तीन आठवडे लक्ष ठेवलं. फ्रीजचं दार ती दरवेळी दोनदा ढकलून बघते. तिच्यावर खापर फोडायची सोय राहिली नाही.

घरी आल्यावर राजीनामा लिहिला. अक्षर सुरेख आलं. बायकोनं वाचला, घडी घातली आणि डब्यांच्या फळीवर ठेवला. "हात बिघडलेत म्हणे," ती म्हणाली. "काल शिवणयंत्राच्या सुईत दोरा कुणी ओवून दिला मला? पहिल्या झटक्यात?"

"ते वेगळं."

"वेगळं कसं? हात दुसरे आणले होते का?"

खरं सांगायचं तर मला भीती वाटते. नोकरी जाईल याची आहेच, पण जास्त भीती याची की चोवीस वर्षं मी मुलांना जे शिकवलं ते मला येत नव्हतं, हे आता सिद्ध होणार.

१६ एप्रिल, बुधवार

राजीनामा खिशात घालून मॅडमच्या खोलीत गेलो. खुर्चीवर बसल्यावर आधी तो बाहेर यायला हवा होता, पण भलतंच बाहेर आलं. "मॅडम, मी हे आयुष्यात कधी केलेलं नाही. एकदाही नाही. मुलाखतीत मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

त्या हसायला लागल्या. खोकला येईपर्यंत हसल्या. "सर, मी त्याच कॉलेजात होते! तिथे प्रयोगशाळेत फ्रीज नव्हता. तुम्ही कात्री ठेवणार होतात कुठे, माठात?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. सर, हात कुणाचेही तयार होतात. मला असा माणूस हवा होता जो चुकल्यावर का चुकलं ते शोधत बसेल. वर्गात कुणाचं उत्तर चुकलं की तुम्ही उरलेला तास त्याच्यामागे घालवायचात. त्यापायी अभ्यासक्रम कधी पुरा झाला नाही आमचा." मग एकदम प्रमुखांच्या आवाजात म्हणाल्या, "आता सांगा, कंट्रोल का लावला नाहीत?"

खरं ते सांगितलं. त्यांनी हसू दाबलं, पण दिसलं मला.

राजीनामा खिशातच राहिला. येताना रस्त्यात भाजीवाल्याशी पाच मिनिटं उगाच बोलत उभा राहिलो. अडीच महिन्यांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

१८ एप्रिल, शुक्रवार

काल कंट्रोल लावला. तयार, अखंड, सगळ्यांकडे हमखास चालणारं कडं माझ्या जिवाणूंना दिलं. आज प्लेट कोरी.

आणि मला आनंद झाला! टिपटॉपला वाटलं असेल, म्हातारा गेला कामातून. पण बघा, अखंड कडंसुद्धा आत जात नाही म्हणजे माझं कापणं आणि जोडणं कदाचित ठीकच आहे. दोष माझ्या जिवाणूंत आहे, म्हणजे त्यांना मुरवण्यात. अडीच महिन्यांत पहिल्यांदा चूक एका जागी सापडली. मी टिपटॉपला म्हणालो, "तुझं बरोबर होतं. मी उद्धटपणा केला." ती गोरीमोरी झाली. मग म्हणाली, "सर, मला वाटायचं तुम्ही माझ्यावर पाळत ठेवताय."

"ठेवत होतो," म्हटलं. दोघंही हसलो, आणि हसता हसता राजीनाम्याचंही तिला सांगून टाकलं.

२२ एप्रिल, मंगळवार

मावशी दोन दिवस रजेवर. भाचीचं घर बदलायचं होतं. माझे लाल पट्टीचे फ्लास्क आणि बाटल्या धुवायच्या राहिल्या, म्हणून टिपटॉपच्या फळीवरच्या घेतल्या. तेच जिवाणू, तेच मीठ, तोच बर्फ, तोच मी. एवढंच लिहिण्यासारखं की या वेळी फेस जवळजवळ आला नाही, आणि मी जरा हिरमुसलो.

२३ एप्रिल, बुधवार

ठिपके. तीनशे बारा. मी दोनदा मोजले, मग टिपटॉपनं मोजले. तिचे तीनशे चौदा आले, तिचेच खरे मानू.

प्लेट उजेडाकडे धरून मी उभा राहिलो आणि डोळ्यांत पाणी आलं. हा नुसता कंट्रोल आहे, डिंकाचा जीन अजून यात नाही. तरी जीव भांड्यात पडला. माझे हात चालतात. बायकोला फोन केला तर ती म्हणाली, "मी सांगितलं होतं." राजीनाम्याचा कागद तिनं आज भाजीच्या सालांबरोबर टाकला.

२४ एप्रिल, गुरुवार

आज बसून विचार केला. या वेळी वेगळं काय होतं? फक्त बाटल्या. रजेवरून परतलेल्या मावशींनी आज धुऊन दिलेली माझी एक लाल पट्टीची बाटली आणि टिपटॉपची एक, दोन्ही शेजारी ठेवल्या. दोन्हींत कॅल्शियमचं स्वच्छ पाणी ओतलं. तिचं तसंच राहिलं. माझं हळूहळू दुधाळ झालं.

दव नव्हतं ते. आठवीतल्या पोरालाही सांगता येईल काय होतं. जड पाण्यात साबण घातला की पांढरा साका धरतो, कारण पाण्यातलं कॅल्शियम. माझ्या बाटल्यांना साबण चिकटलेला होता. जिवाणूंच्या नाजूक कातडीवर इतके दिवस मी साबण चोळत होतो आणि फेस बघून ते खुशीत आहेत म्हणत होतो. सगळ्या जगाला दाखवत होतो वर.

मागच्या खोलीत डोकावलो. भिंतीवर नियमांचं कार्ड आहे. प्रयोगशाळेचा द्रव साबण, नळाखाली दहा वेळा, शुद्ध पाण्यानं तीन वेळा. मावशींनी सगळ्यांचं सामान तसंच धुतलं, बिनचूक. मग माझ्या लाल पट्टीच्या बाटल्या पुढे घेतल्या. त्या धुऊन झालेल्याच होत्या. त्यांनी कोनाड्यातून घरून आणलेली साबणाची पिवळी वडी काढली, साबणाची बोटं बाटलीच्या आतून फिरवली, नळाखाली एकदाच धरली आणि उजेडात वळवून वळवून बघितली. तोंडानं काहीतरी गुणगुणत होत्या. मी परत आलो.

२५ एप्रिल, शुक्रवार

मॅडमना सांगितलं. प्रयोगाच्या वहीत कारण लिहायलाच हवं, त्यात लपवाछपवी चालत नाही. पण धुण्याची माणसं बाहेरच्या ठेकेदाराची आहेत, तक्रार गेली की दुसऱ्या दिवशी नवीन बाई येईल. मॅडम म्हणाल्या, "वहीत काय झालं ते लिहा, कुणी केलं ते लिहायची पद्धत नाही. आणि त्यांना तुम्हीच सांगा, सर. माझ्याकडून गेलं तर बोलणी खाल्ल्यासारखं होईल."

मी लिहिलं, "काचेवर साबणाचा अंश. तपासून न घेतल्याची जबाबदारी माझी." सही केली. हे सोपं होतं.

२८ एप्रिल, सोमवार

सांगितलं. जमेल तितक्या हळू सांगितलं. आधी तुम्ही किती मनापासून धुता, मग साबण, मग जिवाणू. मावशींच्या हातात बाटली होती, ती त्यांनी खाली ठेवली.

"म्हणजे ठिपके माझ्यामुळे येत नव्हते."

"तुमच्यामुळे नाही हो. साबणामुळे."

"साबण काय चालत आला होता का?"

त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा आले नाहीत तेव्हा वाटलं, माझंच धुणं कमी पडतंय. तेव्हापासून वरून घरचा साबण सुरू केला. मग जसजसे येईनात तसतसा जास्त लावला." एवढं बोलून पाठ वळवली आणि नळ मोठा सोडला.

७ मे, बुधवार

दोन गोष्टी. नऊ दिवसांपूर्वी डिंकाचा जीन जोडलेलं कडं नव्या जिवाणूंत घातलं होतं, चौदा ठिपके आले. त्यातले सहा वाढवून आतली कडी बाहेर काढली आणि जीनची अक्षरं, म्हणजे त्यातल्या रासायनिक दुव्यांचा क्रम, वाचायला पाठवली. आज कागद आला. दोन ठिपके फुकट, तिनांत एकेक अक्षर चुकलेलं, आणि एक अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबर! शिंपल्यात असतं तसंच, एका जिवाणूच्या पोटात. मी ते सगळं बोट ठेवून वाचलं, तासभर लागला. टिपटॉपनं संगणकावर ते एका क्षणात जुळवलं होतं, पण मला बोटानंच वाचायचं होतं.

मॅडमनी खोलीतून बाहेर येऊन फक्त "सर" म्हटलं आणि परत आत गेल्या. दार लावून घेतलं. बाहेर आल्या तेव्हा नाक लाल होतं. या प्रकल्पात त्यांचंही काही अडकलं असेल हे मला आज सुचलं. इतके दिवस मी फक्त स्वतःचाच हिशेब धरून बसलो होतो.

दुसरी गोष्ट. मावशी माझ्याशी बोलतात, पण आता "साहेब" म्हणतात. "साहेब, बाटल्या तयार आहेत." लाल पट्ट्या काढून टाकल्यात. माझ्या बाटल्या सगळ्यांच्यात मिसळल्या. पाणी स्वच्छ राहतं, काम सुरळीत चालतं आणि मला मात्र त्या खोलीच्या दारात उभं राहायला चोरट्यासारखं वाटतं.

१५ मे, गुरुवार

समिती आली, बसली, चहा प्यायली, कागद बघितले आणि दोन वर्षं दिली. मलाही. ते मार्चमधले गृहस्थ म्हणाले, "जोडणी कुणी केली?" मॅडमनी या वेळी नाव घेतलं. मार्चमध्ये का घेतलं नव्हतं ते आत्ता डोक्यात शिरलं. मी सोडून सगळ्यांना तेव्हाच कळलं असणार.

बायकोनं नवीन चादर घातलीय. मी बारा तास झोपणार आहे.

१६ मे, शुक्रवार

बारा तास झोपलो. उशिरा गेलो, कुणी रागावलं नाही.

बरोबर निघालेल्या ठिपक्यापासून वाढवलेली प्लेट घेऊन मी मागच्या खोलीत गेलो आणि मावशींसमोर धरली. एकोणीस वर्षांत त्यांना ठिपके असलेली प्लेट कुणी जवळून दाखवली नव्हती. वापरलेल्या प्लेट्स बंद पिशवीतून जातात, त्या काय बघणार. हात कोरडे करून त्यांनी ती धरली.

"एवढंसंच?"

"एवढंसंच. यातला प्रत्येक ठिपका शिंपल्याच्या डिंकाची नक्कल करून ठेवतोय."

खूप वेळ बघितलं. मग प्लेट परत माझ्या हातात दिली आणि जे इतके दिवस पोटात होतं ते बोलल्या.

"मास्तर, तुम्ही जिवाणूंवर शंका घेतली, कात्रीवर घेतली, त्या पोरीवर घेतली, स्वतःच्या हातांवर घेतली. घरी जाऊन राजीनामा लिहिलात म्हणे. माझ्यावर घेतली नाहीत."

"मावशी, तुमच्यावर कशी घेणार? तुम्ही इतक्या मनापासून..."

"शंका नका घेऊ. पण एकदा विचारायचं तर होतं. मावशी, तुम्ही हे धुता कसं? एवढंच. मी सगळं सांगितलं असतं. साबणाचंही सांगितलं असतं, मला काय माहीत ते वाईट असतं म्हणून. मला वाटलं असतं, विचारतात म्हणजे माझ्या कामातही विचारण्यासारखं काहीतरी आहे."

पहिल्या दिवशी माझं सगळं काम तुमच्या हातावर आहे असं मी म्हणालो होतो. ती माझी बोलायची पद्धत. त्यांनी ते खरं मानलं आणि अडीच महिने तसं वागल्या. मी मात्र ते हात काय करतात हे बघायला अडीच महिन्यांत एकदाही आत आलो नाही. मला त्या फक्त हळहळणारं माणूस म्हणून हव्या होत्या.

कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, बसलो आणि विचारलं, "मावशी, तुम्ही हे धुता कसं?"

त्यांना आधी वाटलं मी समजूत काढतोय. मी वही उघडली तेव्हा पटलं. मग सुरू झाल्या. कुठल्या ऋतूत नळाचं पाणी काचेवर डाग सोडतं, कुठल्या टेबलावरचे फ्लास्क कायम चिकट येतात, ब्रशाचे केस गळून नळीत अडकतात ते कसे ओळखायचे, आठ वर्षांपूर्वी शुद्ध पाण्याचं यंत्र बिघडलं होतं ते त्यांनी चवीवरून कसं ओळखलं आणि कुणी कसं ऐकलं नाही. मी लिहीत गेलो. मधे टिपटॉप मला शोधत आली आणि दारातच थांबून ऐकू लागली. सव्वा तास झाला. वहीची सात पानं भरली आणि मावशी अजून बाटल्यांच्या झाकणांपर्यंत आल्या नव्हत्या.